बाबांशिवाय गुलमर्ग

गोल्फ मी शिकलो तो नोकरीसाठी. हडपसरच्या एका आयटी कंपनीत मी मॅनेजर झालो होतो. सन दोन हजारच्या संगणकी घोळाची, वाय-टू-केची धामधूम ओसरून काही वर्षं झाली होती आणि कामं धो धो येत होती. अमेरिकेतले क्लायंट आले की शनिवारी त्यांना गोल्फच्या मैदानावर न्यावं लागे. आमचे साहेब म्हणाले, तुला निदान चेंडूला काठी लावता आली पाहिजे. ज्या घरात खेळ म्हणजे कॅरम, तोही परीक्षा संपल्यावर, त्या घरातला मी चाळिशीला टेकल्यावर गोल्फ शिकायला लागलो. आणि आश्चर्य म्हणजे मला तो आवडला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे चेंडू लांब मारायचा आणि मग आपणच शोधत जायचं?"

मी हो म्हटलं.

"मग मारायचाच कशाला?" असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

बाबा हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. देशभरातल्या ठाण्यांवरून येणारे आकडे, म्हणजे तापमान, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, नकाशावर मांडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. श्रीनगरला जानेवारीत पारा किती उतरतो, शिमल्याला हवेचा दाब किती असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण हिमालय त्यांनी कधी पाहिला नव्हता. आधी आम्हा भावंडांची शिक्षणं होती, मग आजीचं आजारपण, मग बहिणीचं लग्न. निवृत्तीनंतर त्यांचा डोंगर म्हणजे पुण्यातली पर्वती. ते आणि आई पर्वतीजवळच्या फ्लॅटमध्ये राहत, मी हडपसरला. रोज पहाटे चौघा मित्रांबरोबर ते पर्वती चढत आणि वर बसून अर्धा तास सरकारला नावं ठेवत.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता म्हणालो की एकदा गुलमर्गला जाऊन खेळायचंय, तिथलं मैदान फार उंचावर आहे. बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, उंची किती? मी म्हटलं, साडेआठ हजार फुटांच्या आसपास.

"मग तुझा चेंडू इथल्यापेक्षा पुढे जाईल," ते म्हणाले. "हवा विरळ. अडवायला कोण आहे त्याला?"

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. बुधवार पेठेतून खास आलेखाचा कागद आणून त्यावर त्यांनी पुण्याच्या आणि गुलमर्गच्या हवेची घनता मांडली होती. इथे दीडशे यार्ड जाणारा चेंडू तिथे साधारण किती जाईल, सकाळच्या गारठ्यात किती, दुपारी ऊन पडल्यावर किती, असा तो हिशेब होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'फटका बरोबर बसल्यास.'

मला इतकं हसू आलं आणि इतकं बरं वाटलं, की मी पटकन म्हणून गेलो, "बाबा, तुम्हीच चला ना माझ्याबरोबर."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, माझे गुडघे काही मला नेणार नाहीत, पण तुम्ही जाऊन या. एवढंच झालं, आणि बेत ठरला.

त्यानंतरचे चार-पाच महिने आम्हा दोघांचे फार चांगले गेले. तोवर आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझं काम त्यांना कळत नसे आणि त्यांच्या आठवणी ऐकायला मला वेळ नसे. आता दर रविवारी सकाळी मी त्यांना सरावाच्या मैदानावर घेऊन जाऊ लागलो. पांढरे कॅनव्हासचे बूट, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि कापडी पिशवी घेऊन ते बाकावर बसत आणि माझा प्रत्येक फटका वहीत टिपत. एकदा मी वही उघडून पाहिली. लिहिलं होतं: 'सात नंबरची काठी. दहा फटके. पाच उजवीकडे, तीन बरे, दोन उल्लेखनीय नाहीत.'

त्यांनी मंडईजवळून माकडटोपी आणली, लोकरीचे मोजे आणले. श्रीनगरहून वर जाताना एक रात्र मध्ये थांबायचं, म्हणजे शरीराला उंचीची सवय होईल, हे त्यांनीच ठरवलं. पर्वतीवरच्या मित्रांना तर गुलमर्ग पाठ झालं होतं. एक मित्र बँकेतून निवृत्त झालेले होते, बाबांचे सगळ्यांत जुने सोबती. ते मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, लवकर घेऊन जा रे बाबा यांना, आमची सुटका होईल.

मग मे महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांत मोठ्या क्लायंटचे उपाध्यक्ष जूनमध्ये येणार होते. त्यांना गोल्फचं वेड होतं. मी गुलमर्गला जातोय हे साहेबांच्या कानावर आलं होतं. ते म्हणाले, मग आपण सगळेच जाऊ, तू, मी, ते आणि त्यांचा एक सहकारी. चौघांचा खेळ छान जमेल.

बाबा माझ्याबरोबर येणार आहेत हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मी तेव्हाच सांगू शकलो असतो. साहेबांनी नाही म्हटलं नसतं, हे मला आज पक्कं वाटतं, आणि खरं तर तेव्हाही वाटत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या मोठ्या हॉटेलातलं जेवणाचं टेबल आलं. त्या टेबलाशी माकडटोपी घालून बसलेले बाबा आले. चहा बशीत ओतणारे, आणि उपाध्यक्षांना त्यांच्या सावकाश, व्याकरणशुद्ध इंग्रजीत 'मग मारायचाच कशाला' असं विचारणारे. मला त्यांची लाज वाटली. हे लिहायला इतकी वर्षं लागली, पण कारण तेवढंच होतं.

त्याच आठवड्यात बाबांची तपासणी झाली होती. उंचीवर जायचंय तर विचारून घेऊ, हा आग्रह त्यांचाच. आमच्या जुन्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, पहिले दोन दिवस दमाने घ्या, पाणी भरपूर प्यायला सांगा. वर हसून म्हणाले की माझ्यापेक्षा त्यांचा दम चांगला आहे.

तो रिपोर्ट गाडीच्या खणात ठेवून मी बाबांकडे गेलो. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "बाबा, डॉक्टर नको म्हणाले. इतकी उंची तुमच्या हृदयाला झेपणार नाही."

त्यांनी आकड्यांच्या माणसाने विचारावं तसंच विचारलं, "किती उंचीपर्यंत चालेल म्हणाले?"

याची मी तयारी केली नव्हती. "तसा आकडा नाही सांगितला," मी म्हणालो. "एकूणच चढ टाळा म्हणाले."

ते वाक्य मी केवळ थाप पक्की बसावी म्हणून जोडलं. त्याचं काय होईल याचा विचारही केला नाही. त्यांनी आलेख पाहायला मागितला, तर तो डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे असं सांगितलं. आता साहेब आणि दोन पाहुणे माझ्याबरोबर येणार आहेत, हेही सांगून टाकलं. "बरं," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी तो हवेचा तक्ता आणला आणि माझ्या हातात दिला. चौघांना उपयोगी पडेल म्हणाले.

गुलमर्गला पहिल्याच दिवशी सकाळी मी तक्ता खिशातून काढला. भोवती देवदारांची रांग, मागे बर्फाचे डोंगर, आणि हवा इतकी स्वच्छ की लांबच्या खळीत रोवलेल्या झेंड्याचं कापडही नीट दिसत होतं. बाबांनी लिहिल्याप्रमाणे मी नेहमीपेक्षा एक काठी कमी ताकदीची घेतली. फटका एकदाचा बरोबर बसला आणि चेंडू त्यांनी सांगितला होता तिथेच, झेंड्याच्या जवळ जाऊन पडला. उपाध्यक्षांनी विचारलं, तुला हे कसं कळलं? मी तक्ता दाखवला. ते उभ्या उभ्या तो बराच वेळ वाचत राहिले. त्यांचे स्वतःचे वडील विमानतळावर हवामानाच्या नोंदी ठेवायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. मग म्हणाले, तुझ्या वडिलांना का नाही आणलंस? मला त्यांच्याशी बोलायला आवडलं असतं.

मी म्हणालो, त्यांचं हृदय कमजोर आहे.

साहेब शेजारीच उभे होते. "अरे, मला बोलला नाहीस कधी," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढचे तीन दिवस सगळे माझ्याशी जरा जपूनच वागत होते.

परत आल्यावर फोटो घेऊन मी बाबांकडे गेलो. त्यांनी एकेक फोटो लक्षपूर्वक पाहिला. मी चेंडूची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, पण खूश झाले असावेत. निघताना मी सहज विचारलं, पर्वती काय म्हणतेय? आई म्हणाली, "अरे, बंदच केली त्यांनी. डॉक्टर चढ नको म्हणालेत ना."

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. मग पुढच्या रविवारी. दर आठवड्याला ते सांगणं अवघड होत गेलं, आणि दर आठवड्याला बाबा थोडे आणखी म्हातारे होत गेले. मंडईतून भाजी आणणं आईने स्वतःकडे घेतलं. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून मनगटावर बोटं ठेवत आणि नाडी मोजत. मोजलेले आकडे त्याच वहीत लिहीत. त्यांना साधा ताप आला तरी मला वाटायचं, आता ते डॉक्टरांकडे जाणार. मीच औषध घेऊन जायचो. आई शेजाऱ्यांना सांगायची, मुलगा किती करतो.

सुरुवातीला पर्वतीहून उतरताना मित्र घरी डोकावत. मग ते कमी झालं. त्या हिवाळ्यात बँकेतले मित्र अचानक गेले. बाबा अंत्यदर्शनाला रिक्षाने जाऊन आले. वीस वर्षं ते दोघं रोज भेटत होते. शेवटच्या सहा महिन्यांत मात्र पाच-सहा वेळा भेटले असतील, नसतील.

दीड वर्षाने बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागणार होती, आणि या वेळी बाबा स्वतः आले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हृदय अगदी मागच्यासारखंच खणखणीत आहे, पण पायांतली ताकद गेली, पर्वती बंद केली की काय? बाबा म्हणाले, आपणच सांगितलं होतंत. डॉक्टर म्हणाले, मी? मी तर गुलमर्गलाही जा म्हटलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

बिल्डिंगखाली मी गाडी थांबवली, पण ते उतरेनात. समोर बघत म्हणाले, "तुला मला न्यायचं नव्हतं, एवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पर्वती तरी राहिली असती माझी."

मला साधी माफीसुद्धा मागता आली नाही. ते दार उघडून उतरले आणि कठडा न धरता जिना चढून गेले.

महिन्याभराने मी शिमल्याची दोन तिकिटं काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती नीट वाचली, परत पाकिटात घातली आणि म्हणाले, "आपण जाऊन या." बाबांनी मला आयुष्यात कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. तिकिटं मी रद्द केली.

नंतर ते हळूहळू पुन्हा फिरू लागले. आईला सांगत, सारसबागेपर्यंत, सपाटीवरच, जाऊन येतो. जात मात्र पर्वतीच्या पायथ्याशी. अर्ध्यापर्यंत चढत, बसत आणि परत येत. वर कधी पोचले नाहीत. आईला त्यांनी खरं काय ते सांगितलं नाही, कारण मग माझी थापही सांगावी लागली असती. म्हणजे माझ्यासाठी ते तिच्याशी खोटं बोलत राहिले, आणि दोघांच्या संसारात तेवढं एकच खोटं असावं.

पुढे सात वर्षांनी न्यूमोनियाने ते गेले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगत होती, "हृदय आधीपासूनच नाजूक होतं त्यांचं. मुलाने किती जपलं म्हणून एवढी वर्षं मिळाली." मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो होतो. लोक माझ्याकडे पाहून मान हलवत होते. आई आज पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि कुणी विषय काढला की अजूनही तेच सांगते. मी अजूनही ऐकून घेतो.