दलालाचा मुलगा

जहाजांच्या चार्टरिंगमध्ये, म्हणजे जहाजं भाड्यानं ठरवून देण्याच्या धंद्यात, शिरायचं कसं, असं विचारायला अधूनमधून एखादा तरुण माझ्याकडे येतो. मी चहा पाजतो आणि ठरलेलं सांगतो. इंग्रजी सुधार, जगातली बंदरं नकाशावर पाठ कर, पहिली दोन वर्षं बढतीचं नाव काढू नकोस. मालाला जहाज हवं असतं, जहाजाला माल हवा असतो, मधे आपण. फोनवर ‘ठरलं’ म्हटलं की ठरलं, कागद मागून येतात. मला स्वतःला पहिल्याच दारातून परत पाठवलं होतं आणि ते बरोबरच होतं, हे काही मी सांगत नाही.

तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा झाला होता आणि राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची आमची अख्खी गल्ली रुसून बसली होती. आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात अधिकारी होते, वडीलही तिथेच चिकटले होते. संस्थान गेलं, त्याबरोबर दादांची, म्हणजे वडिलांची, नोकरी गेली. मग ते छावनीच्या मंडीत सरकी आणि भुईमुगाची दलाली करू लागले. पण ‘दलाली’ हा शब्द आमच्या घरात काढायचा नाही. दादा सकाळी कोट-टोपी घालून, बगलेत चामडी बॅग मारून ऑफिसला निघाल्यासारखे निघत. तो कोट एका सेठजींच्या पेढीवर खुंटीला टांगत, खांद्यावर पंचा टाकत आणि मंडीत उतरत. संध्याकाळी पुन्हा कोट घालून घरी. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘सर्विस’ लिहिलेलं असे. “कोणी विचारलं तर ऑफिसात आहेत म्हणायचं, बस,” असं आईनं शिकवलं होतं. मी ते इतक्यांदा म्हटलं की त्यात खोटं काही आहे हेच विसरलो.

मंडीत भाव तोंडानं बोलत नसत. पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, की सौदा झाला. ना सही, ना साक्षीदार. भाव उलटला तरी दादांचा सौदा उलटत नाही असं तिथे मानत, आणि नवख्या व्यापाऱ्याची जिम्मेदारी दादांनी घेतली की त्याच्याबद्दल पुढे कोणी चौकशी करत नसे. मला यातलं सगळं ठाऊक होतं. तरी एकदा कॉलेजच्या मित्रांबरोबर जाताना खांद्यावर पंचा टाकलेले दादा समोरून येताना दिसले, तेव्हा मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली.

बी. कॉम. झालो आणि वर्षभर अर्ज खरडत बसलो. दादांचा कोट ज्यांच्याकडे टांगलेला असे त्याच सेठजींची पेंड मुंबई बंदरातून परदेशी जायची. त्यांच्यासाठी जहाजं ठरवणारे मुंबईचे गृहस्थ इंदूरला यायचे होते, त्यांना शिकाऊ मुलगा हवा होता. दादांनी सेठजींच्या कानावर घातलं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं हे एकच. मला समुद्र फक्त नकाशात माहीत होता, पण ते काम मिळावं म्हणून मी खजराण्याच्या गणपतीला चालत जाऊन आलो.

पेढीच्या माडीवर भेट झाली. साहेब मृदू बोलणारे, पन्नाशीचे. कांडला कुठे, सुएझ कशासाठी, टनभर पेंडीला जागा किती लागते, सगळं विचारलं. मी धडाधड उत्तरं दिली. ते खूश दिसले. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी हिंदीत विचारलं, “घर में कोई इस लाइन में है? दलाली की समझ है किसी को?”

माझ्या तोंडून लगेच निघालं, “नहीं सर. हम सर्विसवाले लोग हैं. दलाली हमारे खानदान में किसी ने नहीं की.”

वर मी किंचित हसलोही. ते हसू आठवलं की आजही कान तापतात.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मैं भी दलाल ही हूँ, बेटा,” ते म्हणाले. “सेठजींनी मला तुझं नाव नंतर सांगितलं, तू कोणाचा मुलगा ते आधी.” त्यांचं मराठी स्वच्छ होतं. बाकी ते रागावले नाहीत. दाराशी सोडायला आले आणि जिन्यात अंधार आहे, जपून उतर म्हणाले. खाली खुंटीवर दादांचा कोट टांगलेला होता. मी त्याच्याकडे न बघता बाहेर पडलो.

पुढे चार वर्षांनी मुंबईत दुसऱ्या एका कचेरीत टेलेक्स टाइप करायला लागलो आणि तिथून रखडत रखडत या धंद्यात आलो. लोक त्याला चिकाटी म्हणतात, म्हणोत.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं आहे. संध्याकाळी दादा आले, कोट काढला, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी समोर बसलो होतो. सेठजींनी त्यांना सगळं सांगितलं असणार हे मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं. आई विचारत होती, काय झालं, काय झालं. दादांनी दोन घास खाल्ले.

“सेठजी भले आदमी आहेत,” ते म्हणाले. “म्हणाले, लडका है, घबरा गया होगा. तुम्ही त्याची जिम्मेदारी घेत असाल तर मी साहेबांना फिरसे बोलतो.”

“मग?” आईनं विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“मी ‘नाही’ म्हटलं,” ते म्हणाले, आणि आईला भाजी वाढायला सांगितली.