कुटुंबप्रमुखाशी नातं

‘इंग्रजी ही नात्यांच्या बाबतीत कफल्लक भाषा आहे.’ हे वाक्य माझं. एकोणिसाव्या वर्षी लिहिलं, पिवळ्या कागदावर छापून घेतलं आणि घाटकोपरातल्या ज्या ज्या भिंतीने हरकत घेतली नाही तिच्यावर डकवलं. काका, मामा, आतोबा, मावसा, चौघांत मिळून त्यांच्याकडे एक अंकल. काकू, मामी, आत्या, मावशी, चौघींत मिळून एक आंट. ज्यांना बापाची बहीण आणि आईची बहीण वेगळी ओळखता येत नाही, त्यांच्या भाषेत आमच्या कचेऱ्यांनी कारभार का करावा, असा सवाल खाली जाड टाइपात होता. उत्तर कोणी दिलं नाही. मी तो विजय समजलो.

पत्रकांच्या घड्या काकू घालायची आणि डकवायची खळही तीच शिजवायची. काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. तो भाऊ लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून वडिलांनी तिला कोकणातून आमच्या दोन खोल्यांत आणली. मी तेव्हा रांगत होतो, त्यामुळे ती नसलेलं घर मला आठवतच नाही. तिला अक्षरओळख नव्हती. पत्रकात काय आहे हे तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चळवळीत जनतेला इतकंच विचारायची आमची पद्धत होती.

त्या वर्षी रेशनकार्डं नवी करायची निघाली. अर्ज इंग्रजीत. चाळीत कॉलेजात जाणारा मी एकटा, म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे. एक रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. शेजाऱ्यांच्या अर्जांत मी निमूट आंट, नेफ्यू, कझिन लिहून दिलं. दुसऱ्यांच्या साखरेशी खेळण्याइतका मी वेडा नव्हतो. आमच्या घरच्या अर्जाला मात्र मी निवांत बसलो. वडील ऑफिसला निघताना म्हणाले, “काकूपुढे मुकाट्याने सिस्टर-इन-लॉ लिही.” कायद्याने झालेली बहीण! मी भडकलोच. त्या ओळीत मी बाळबोध लिपीत लिहिलं: ‘कुटुंबप्रमुखाच्या दिवंगत चुलत बंधूची विधवा’. आणि तळाला एक टीप जोडली: ‘या नात्याला इंग्रजीत शब्द नाही, हा आमचा दोष नव्हे.’ वडिलांनी न वाचता सही केली. मुलगा शिकलेला होता ना.

माझ्या स्वतःच्या नावापुढे मी सुवाच्य इंग्रजीत ‘सन’ लिहिलं होतं. तिथे शब्द उपलब्ध होता, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न उद्भवला नाही.

कार्ड आलं त्यावर चार नावं होती. वडील, आई, मी, धाकटी बहीण. काकूच्या नावावर लाल शाईची रेघ. वडील वाचत असताना ती दारातच उभी होती. वडील म्हणाले, काहीतरी चूक झाली असेल, बघू. ‘बघू’ हा शब्द आमच्या घरात कशासाठी वापरतात ते तिला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात तिने सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची आणि लवकर उठायची. आईने वाढायचा आग्रह केला की म्हणायची, पोट भरलं. मी यातलं काही पाहिलं नाही. मी रेशन ऑफिसच्या निषेधाचं दुसरं पत्रक लिहीत होतो, आणि ते फार झकास उतरलं होतं. छापून आलं त्या दुपारी मी काकूला खळ शिजवायला सांगितली.

ती पिठाच्या डब्याकडे बघत म्हणाली, “ह्या पीठ चार माणसांचा आसा, झिला.”

मी हसलो. तिची थट्टा आहे असं वाटलं. मग कोपऱ्यात तिची ट्रंक दिसली, दोरीने बांधलेली. गावाला जाते म्हणाली. गावात तिचं कोण होतं? घराचं छप्परसुद्धा नव्हतं. तिची समजूत अशी होती की नाव वडिलांनीच काढवलं, नि तोंडावर सांगवत नाही म्हणून बघू म्हणताहेत. मी म्हणालो, अगं, ते माझ्यामुळे गेलं. ती म्हणाली, “तू कशाक माझा नाव काढशीत?” तिचा माझ्यावर केवढा विश्वास होता ते त्या दिवशी कळलं. जरा कमी असता तर बरं झालं असतं.

निषेधाचा गठ्ठा बगलेत मारून मी ऑफिसात गेलो. टेबलामागे एक पोक्त मराठी गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज काढला, टीप पुन्हा एकदा वाचली आणि चष्मा वर केला. म्हणाले, “दिवंगत, चुलत, विधवा. एवढं सगळं तुम्हीच लिहिलंत. आमच्या साहेबांनी म्हटलं, ही बाई या घरची नाही, आश्रयाला आहे. वेगळं कार्ड काढू दे.”

मी म्हणालो, नातं तेच आहे, मी खरं तेच लिहिलं.

“घरात हाक काय मारता?”

“काकू.”

“मग आंट लिहा नि मोकळे व्हा. प्रमुखाची का तुमची, एवढं कोणी बघत नाही. आंट लिहिलं की सख्खी का चुलत, हे साहेब विचारत नाहीत. त्या भाषेत तशी सोयच नाही.” आणि नवा अर्ज पुढे सरकवत, “तुमचं पत्रक वाचलंय मी. आमच्याच भिंतीवर आहे.”

मी नवा अर्ज घेतला. ज्यांच्यावर मी पानभर तोफा डागल्या होत्या ती चार अक्षरं स्वच्छ हाताने लिहिली आणि सहीसाठी अर्ज घरी नेला.

काकूने कागद हातात घेऊन विचारलं, यात मी कोण? मी सांगितलं, आंट. म्हणजे कोण, तर काकू, मामी, आत्या, मावशी, सगळ्यांना तो एकच.

“नि चुलत काकू?”

“तिलाही तोच.”

तिने कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “म्हणजे सख्खी नि चुलत तेंका एकच?”

“एकच.”

“मगे बरा आसा,” ती म्हणाली आणि ट्रंकेची दोरी सोडायला बसली. गाठ घट्ट होती, मला बोलावून सोडवून घेतली.

अर्ज मराठीतच हवेत, हे मी आजही म्हणतो, आणि कोणी ऐकलं नाही तर मोठ्याने म्हणतो. पण पिवळ्या पत्रकाची पुढची छपाई मी केली नाही. कार्डावर पाच नावं आली त्या दिवशी काकूने आपण होऊन खळ शिजवली. मी म्हटलं, आज काही डकवायचं नाही. पीठ फुकट घालवलंस म्हणून ती मला चांगलीच बोलली, आणि ऐकायला फार बरं वाटलं. पीठ पुन्हा तिचंही झालं होतं.