विक्रमगडचे जड बाण आणि माझी घाई

शुक्रवारी जेवताना मी जाहीर केलं, "उद्या विक्रमगडला जातेय." नवऱ्याने ताटातून मान वर न करता विचारलं, "बाणांसाठी? मग दोघं जाऊ, गाडीने." पण मला एकटीला जायचं होतं, तेही स्कूटरवर. गेले तीन आठवडे मला घरात धड बसवत नव्हतं.

कारण सांगून टाकते. वसईच्या बाजूला एका फार्मवर आमचा छोटा धनुर्विद्येचा क्लब आहे. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावीच, म्हणून आम्ही फोमच्या रानडुकरांवर बाण मारतो. तीन आठवड्यांपूर्वी माझा बाण शेपूट हलवत वाकडा गेला आणि डुक्कर सोडून फाटकाच्या खांबात घुसला. तिथून वीतभर अंतरावर फार्मचे वॉचमन शंभूजी उभे होते. मी रडले, आणि कोचने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मध्येच वारा आला." शंभूजींनीही मान डोलावली, "हाँ साहब, हवा थी." विषय तिथे मिटला. माझा मात्र तेव्हापासून धनुष्य उचललं की हात कापतोय. बिघाड हाताचा की बाणाचा, हे कळल्याशिवाय पुन्हा नेम धरायचा नाही असं मी ठरवलं होतं. लग्नानंतरच्या आठ वर्षांत स्वतःसाठी म्हणून केलेली ही एकच गोष्ट, आणि ती सुटायच्या बेतात होती.

सकाळी सहाला गोडदेवच्या घरून निघाले. काशीमीऱ्याला तीनशेचं पेट्रोल टाकलं, खाडीवरचा पूल ओलांडला. दुचाकीने जाणार असाल तर एवढं ऐका: मनोरपर्यंत ट्रकच्या मागे निमूट चालवा. मी नाही चालवली. दर दोन मिनिटांनी ओव्हरटेक करत गेले आणि पुढच्या सिग्नलला तेच ट्रक पुन्हा शेजारी. मनोरच्या अलीकडे एका टपरीवर उभ्यानेच उसळपाव खाल्ला, पन्नास रुपये, झणझणीत. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, बसा की. विक्रमगड कुठे पळतंय?"

मनोरला हायवे सोडला की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना साग, आणि वळणावर शेळ्या. आमच्या कोचने एका पाड्याचं आणि तिथल्या जान्याबाबांचं नाव दिलं होतं. बाबा दारात टोपली विणत बसले होते. वय सत्तरीचं असेल. एके काळी ते शिकारीचे बाण करत, आता सणाच्या नेमबाजीपुरते करतात.

मी माझा बाण पुढे केला. मागवलेल्या बांबूच्या काड्यांना टोकं आणि पिसं लावून एका रविवारी दुपारी मी बारा बाण उरकले होते, त्यांतला हा एक. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हा कोणी केला?"

"मीच."

"उलटा केला."

मला कळेना. बांबूची काडी एका बाजूला निमुळती असते. सुई, पेन्सिल, सगळ्याचं टोक बारीक बाजूला असतं, म्हणून मीही लोखंडी टोक बारीक बाजूला बसवलं होतं. बाबांनी बाण फिरवून जाड बाजू माझ्यासमोर धरली. "बुडखा पुढं पाहिजे. तो जड, तो वाट धरतो. शेंडा मागनं येतो. तू शेंडा पुढं लावला, मग मागचं वजन त्याला ढकलतं."

बांधावर एक सुका भोपळा ठेवून त्यांनी माझ्याच धनुष्याने माझा बाण सोडला. तो तसाच शेपूट हलवत कुठल्या कुठे गेला. मग स्वतःचा जाड, जड बाण माझ्या हातात दिला. "मार."

हात कापत होता तरी मी सोडला. बाण सरळ भोपळ्यात गेला. मला आधी इतका आनंद झाला की डोळे भरले. हात ठीक होता. दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, वाराही निर्दोष होता.

मग निवड. बाबांनी काड्यांचा भारा समोर टाकला. मी पटापट हलक्या, देखण्या काड्या वेचल्या, त्यांनी एकेक परत भाऱ्यात ठेवली. काडी जमिनीवर लोळवून बघायची, गुडघ्यावर वाकवून बघायची, दोन हातांत दोन धरून वजन जोखायचं. यात दोन तास गेले. मध्ये त्यांच्या सुनेने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली.

"जड बाण लांब जाणार नाही ना?" मी विचारलं.

"नाय जाणार. तू चार पावलं पुढं जा."

शेवटी बारा काड्या ठरल्या. दीडशे रुपयाला एक बाण, पण आज नाही. काड्या ओल्या होत्या. मी जास्त पैसे देऊ केले. बाबांनी कोळशाने प्रत्येकीच्या बुडख्यावर खूण केली आणि मोळी चुलीवरच्या धुरात टांगली. "होळीनंतर ये. सुकल्याबिगर टोक बसवणार नाय."

रिकाम्या हाताने परत फिरले. फार्मचा फाटा आला तशी मी स्पीड वाढवला आणि पुढे निघून गेले. तीन किलोमीटरवरच्या वळणावरून मागे आले. शंभूजी झाडांना पाणी घालत होते.

"शंभूजी, उस दिन हवा नहीं थी. तीर मैंने उलटा बनाया था. गलती मेरी थी."

त्यांनी पाइप खाली ठेवला. "मालूम है मॅडम. पत्ता भी नहीं हिल रहा था."

"फिर आपने हाँ क्यों कहा?"

"आप इतना रो रही थीं." त्यांनी पाइप पुन्हा उचलला. "घर पे भी हवा ही बताया. सच बोलता तो बीवी नौकरी छुड़वा देती."

घरी पोचल्यावर हेल्मेट काढायच्या आधी कोचला फोन लावून सगळं सांगितलं. होळीपर्यंत मैदानात पाऊल टाकायचं नाही, असं ते म्हणाले. बरोबरच आहे. हात आता कापत नाही. पण दर शनिवारी शंभूजींची बायको त्यांचा डबा घेऊन फाटकाशी येते, आणि तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं माझ्याने अजून झालेलं नाही.