निळ्या कागदाचं नाताळचं झाड

मी शाळेत होते तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा अमरावतीकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत लागून दिल्लीला आलेले. आई लग्नानंतर आली आणि बरीच वर्षं दिल्लीत बुजलेलीच राहिली. बाहेर हिंदी बोलायची वेळ आली की ती मला पुढे करायची. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा मीच करायचे. म्हणून एका सकाळी जिन्यातून, "अहो, पाणी गेलं बघा!" असं खणखणीत मराठी ऐकू आलं, तेव्हा ती कणकेचे हात तसेच घेऊन दारात धावली.

वरच्या मजल्यावर नगरकडचं एक ख्रिस्ती जोडपं राहायला आलं होतं. काकू एका शाळेत शिवण शिकवायच्या. काकांची नोकरी बाबांसारखीच. आठवड्याभरात आई त्यांना 'ताई' म्हणू लागली आणि त्या आईला 'वहिनी'. आमच्या घरी बुद्धवंदना, त्यांच्या घरी प्रार्थना. पण दोघींना ज्वारीची भाकरी लागायची आणि दिल्लीत चांगलं पीठ मिळत नाही हे दोघींचं कायमचं दुखणं होतं. मैत्रीला तेवढं पुरलं.

पहिल्याच डिसेंबरात मी काकूंना "हॅपी क्रिसमस" म्हणाले, तर त्यांनी माझा कान हलकेच धरला.

"नाताळ म्हण गं. मराठी मुलगी ना तू?"

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्या नाताळचं झाड घरीच करायच्या. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा शंकू, पताकांचा पातळ हिरवा कागद आणि मैद्याची खळ, एवढ्यावर सगळं. कागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, एका कडेला कात्रीने बारीक चिरा देऊन झालर करायची आणि बुडापासून वर गुंडाळत जायचं. "खालून वर जायचं, म्हणजे वरची झालर खालच्या पट्टीची खळ झाकते," त्या सांगायच्या. हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं. मी शाळेतून आले की दप्तर टाकून वर पळायचे. झालर कापायचं काम माझं. हाताला खळ लागून वाळली की ती सोलून काढण्यात वेगळीच मजा यायची.

नंतरच्या एका वर्षी दिवाळीच्या सुमारास काकूंची आई गेली. त्या नगरला जाऊन आल्या, पण जणू निम्म्याच परत आल्या. शाळेत जायच्या, घरी यायच्या, दार लावून घ्यायच्या. डिसेंबर लागला तरी वरून हाक नाही म्हणून मी आपणहून गेले.

"यंदा नाही करायचं झाड," त्या म्हणाल्या. "मन नाही लागत बेटा."

मी खाली येऊन आईला सांगितलं. ती स्वेटर विणत होती. सुया थांबल्या. "तुला येतं का करायला?" तिने विचारलं.

"झालर येते. शंकू काकू करतात."

"शंकू तुझे बाबा करतील. पताका, कंदील सगळं करतात ते."

संध्याकाळी बाबांनी पुठ्ठा गोल वळवून सुतळीने आवळला. अडलं ते कागदावर. हिरवा कागद जवळच्या दुकानात संपला होता आणि सदर बाजारला जायला बाबांना सुट्टी नव्हती. तेव्हा आईने पलंगाखालची पेटी ओढली. एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही पताका केल्या होत्या, त्यातला उरलेला कागद तिने घडी घालून ठेवला होता. सगळा निळा.

"अगं, झाड निळं असतं का कुठे?" बाबा हसले.

"नाही तर नाही. हाय ना घरात," आई म्हणाली. ठाम बोलायची वेळ आली की तिच्या तोंडी माहेरचा 'हाय' यायचा, मग बाबाही पुढे बोलत नसत.

पुढचे काही दिवस दुपारी आम्ही मायलेकी क्वार्टरसमोरच्या उन्हात चटईवर बसायचो. आसपासच्या बाया शेंगा सोलत, विणत बसलेल्या असायच्या. त्यांना आमचं निळं प्रकरण दिसलं. पंजाबी शेजारीण म्हणाली, "ये क्या बन रहा है?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली, "पेड़ है. ऊपरवाली दीदी के लिए." त्या बाईने तिथल्या तिथे आपल्या पिशवीतली लाल लोकर काढून दिली. आईने तिचे छोटे गोंडे केले. मिठाईच्या डब्याच्या सोनेरी कागदाची चांदणी झाली. उसवलेल्या रजईतला कापूस बर्फ म्हणून लागला. मधेच कुठेतरी आईने आपल्या टिकल्यांचं पाकीट झाडावर रिकामं केलं.

झाड थोडं डावीकडे झुकलेलं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही ते वर नेलं. काकूंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. आई घाईघाईने म्हणाली, "ताई, हिरवा कागद मिळाला नाही हो. जयंतीचा उरला होता, तोच वापरला. चालत नसेल तर राहू द्या."

काकूंनी झाड दोन्ही हातांनी घेतलं, टेबलावर ठेवलं. एक टिकली बोटाने दाबून बसवली. मग आईच्या गळ्यात पडून त्या रडल्या. मोठी माणसं तशी रडतात हे मी पाहिलं नव्हतं. मी घाबरून जिन्यात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने आतून त्यांचाच आवाज आला, "वहिनी, चहा टाकते. रवा आहे का तुमच्याकडे? करंज्यांना लागेल."

त्या संध्याकाळी चर्चची मंडळी गाणी म्हणायला आली, तेव्हा आम्हीही वर होतो. कुणीतरी विचारलं, झाड निळं कसं? "आमच्या घरचं आहे," काकू म्हणाल्या आणि करंज्यांचं ताट पुढे केलं.

काका निवृत्त झाल्यावर ती दोघं नगरला गेली. काका आता नाहीत. आमचा क्वार्टरही सुटला. आमच्या ओळीतल्या इमारती पाडून तिथे उंच टॉवर झालेत. मी नोएडाला राहते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. सोसायटीतल्या बायकांशी ती आता इतकं फर्राटेदार हिंदी बोलते की माझी मुलगी म्हणते, आजी तर दिल्लीवालीच आहे.

मागच्या डिसेंबरात ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी फाडून आम्ही तिघी झाड करायला बसलो. आईने काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकूंना आता नीट दिसत नाही. "जवळ धर गं," त्या माझ्या मुलीला म्हणाल्या. "हां. खळ फार पातळ झालीय. आणि वरून सुरू केलंस ना? उलगड सगळं."

मुलीने तोंड वाकडं केलं, पण उलगडलं. तोवर फोन आईने आपल्याकडे वळवून घेतला होता. गुडघे, मोतीबिंदू, नगरची थंडी, अशा गप्पा सुरू झाल्या. मी शंकू धरून ठेवला आणि मुलीने पुन्हा बुडापासून पट्टी लावायला घेतली.