भाऊजींचं उबवणीचं कपाट

आमच्या नणंदेच्या, ताईंच्या, यजमानांइतका एका शब्दावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका सोफ्यावर बसवू नये, एवढंच माझं म्हणणं. भाऊजी सरकारी प्रयोगशाळेत होते. तिथे जंतू वाढवायचं एक जर्मन यंत्र होतं, त्याच्यावर नाव 'ब्रूटश्रांक'. झालं. घरी गेलं की जयभीम होतो न होतो, पाण्याच्या आधी हेच. "वहिनी, ब्रूट म्हणजे अंडी उबवणं, त्याच्या मुळाशी ऊब. श्रांक म्हणजे कपाट, पण आधी अडसर, कुंपण. कुंपण घालून राखलेली ऊब, बघा." मी काय, नागपूरहून इथे आले तेव्हापासून बघतेच आहे. मयूर विहारच्या मेट्रोत कार्ड लावायच्या फाटकात उभे राहून म्हणाले, "हा अडसर म्हणजे श्रांकचा सख्खा भाऊ." मागचा मुलगा म्हणाला, "अंकल, भाई से बाद में मिल लेना."

लेकीने नोएडाच्या ऑफिसातला मुलगा पसंत केला आणि त्याचे आईवडील बोलणी करायला यायचे ठरले, तेव्हा तिने बापाला हात जोडले, "बाबा, प्लीज, आज ते कपाट नको." भाऊजींनी कबूल केलं आणि असं पाळलं, की तोंडच उघडेनात. पोहे झाले, चहा झाला, हे आपले भिंतीकडे बघत. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "साहेब, तुमच्या मनात नसेल तर स्पष्ट सांगा, आम्ही निघतो." पोरगी रडायच्या बेताला आली. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, सांगून टाका." मग काय, धरण फुटलं. मुलाची आई वर्ध्याकडची. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आमची खुडूक कोंबडी पलंगाखाली अंड्यांवर बसायची. झाडायला गेलं की चोच मारायची." "म्हणजे पलंग हाच श्रांक, बिल्कुल," भाऊजी म्हणाले, आणि लग्नाचं काय ते ताईंनी आणि मीच स्वयंपाकघरात ठरवलं.

लेक आता नोएडाला, सासरी. परवा गेले तर जयभीम करून भाऊजी गप्प. मीच विचारलं, "काय हो, आज काही नाही?"

"तुम्ही नुसतं हो हो म्हणता, वहिनी. ती भांडायची. मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतं, म्हणून पकडायची."

"रविवारी येते आहे ना," ताई आतून म्हणाल्या.

"येते आहे," भाऊजी म्हणाले, "फोन करून, विचारून."

मी निघायलाच उठले होते. परत बसले जरा.