रिबन की डोम, अण्णा?

बंगळुरात माझ्यासारखा तयार कान कुणाचा नाही! म्हणजे उजवा. डावा चार वर्षांपासून नुसता चष्म्याची काडी अडकवायला आहे. पण घरी स्पीकर बनवणाऱ्या येड्यांत माझ्यासारखा सातवी नापास बसला, की किस्से साठत जातात.

आमचा अड्डा मल्लेश्वरमला, वसंतअण्णाच्या गॅरेजात, दर रविवारी. वाद एकच: बारीक, उंच आवाजासाठी ट्वीटर कुठला? रिबन, म्हणजे आत वर्खासारखी पातळ पट्टी? की डोम, रेशमी कापडाचा इवलासा घुमट?

*

इंदिरानगरचा सुहास, पुण्याहून आलेला आयटीवाला, रिबनचा भक्त. नवीकोरी जोडी आणली. "काका, डिटेल बघा फक्त!" म्हणाला आणि धूळ दिसली म्हणून फू केलं. पट्टी फाटली!

मी म्हटलं, "दिसलं रे डिटेल!"

*

डोमचा घुमट बघितला की बोट शिवशिवतं. मी दाबला. आत गेला! अण्णानं चिकटपट्टी लावून अलगद बाहेर ओढला. म्हणाला, "स्वल्प थांब, आता तुझं बोटच कापतो."

*

आमची रीत अशी: स्पीकरवर चादर टाकायची, डोळे मिटून ऐकायचं, मग निवडायचं. एकदा सुहासला मी एकच डोम दोनदा ऐकवला.

"दुसरा रिबन! ऑब्व्हियस आहे, काका!"

चादर काढली. पुढचे तीन रविवार सुहास आला नाही.

*

अण्णाची सगळी खटपट मात्र एका कॅसेटसाठी. अक्का, त्याची बायको, चपात्या लाटताना गुणगुणायची. ते त्यानं कधीतरी चोरून टेप केलेलं. अक्का गेल्या वर्षी गेली. कॅसेटवर तिचा आवाज येतो, पण लाटण्याबरोबर वाजणाऱ्या बांगड्या अण्णाला ऐकू येईनात. "ज्याच्यावर बांगड्या येतील, तो ट्वीटर माझा," म्हणायचा.

कानाच्या डॉक्टरनं सांगितलेलं, बारीक आवाज आता ऐकू यायचे नाहीत. अण्णा म्हणाला, "त्या डॉक्टरचा स्पीकर खराब असेल."

एका रविवारी चादर टाकली. रिबन लावला. "नाही." डोम लावला. "नाही रे." तिसऱ्या खेपेला मला राहवेना. दोन्ही ट्वीटरच्या वायरी गुपचूप सोडल्या आणि नुसत्या खालच्या मोठ्या स्पीकरवर कॅसेट लावली.

अण्णा ताठ बसला. डोळे मिटलेलेच. "हा! सरी, बरोबर, हाच ठेव. येतायत बघ."

खी खी करत मी चादर ओढली. मग त्याचे ओले गाल दिसले.

"अण्णा, अरे... वायरी सुट्या आहेत. मीच काढल्या."

त्यानं वायरींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वायरी तू काढल्यास. तिच्या हातातल्या बांगड्या कुणी काढल्या?"