बन्नूरच्या दोन रिंगा

पुण्याहून रात्रभर बसमध्ये डुलत आले आणि म्हैसूर पहिल्यांदा दिसलं ते अर्धवट झोपेत. रस्त्यावर झुकलेली मोठी झाडं, त्यांच्याखाली सावकाश झाडू मारणारी एक बाई आणि कुठूनतरी येणारा भाजलेल्या कॉफीचा वास. डोळे पुन्हा मिटले तरी वास राहिलाच. "पोचले" असं कळवायला फोन काढला आणि परत ठेवला. हे गेल्यापासून एवढी एक सवय काही सुटत नाही.

नजरबादच्या लॉजवर पाठ टेकली आणि दुपारी लोणी घातलेला मऊ डोसा खाल्ला. वाढप्याने "इन्नोंदु?" (अजून एक?) विचारलं. मी मान कशी हलवली देव जाणे, दुसराही आला. तो संपवून जी झोप लागली, ती संध्याकाळीच उघडली.

त्या दिवशी रविवार होता. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात, म्हणून फाटकाबाहेर गर्दी फोन समोर धरून उभी होती. मीही धरला. आकाश जांभळट झालं होतं, गजऱ्यांचा वास येत होता आणि एवढ्या माणसांतही मला एकटीला स्वप्न पडत असल्यासारखं वाटत होतं.

"मराठी ना तुम्ही?"

शेजारी सत्तरीच्या एक बाई, हातात कापडी पिशवी.

"मघा फोनवर बोलताना ऐकले मी. आमचंही घरात मराठीच. स्वल्प (जरा) मोबाईल देता? माझ्यातलं चार्ज गेलं."

परगावात कोणी आपल्या भाषेत गोड बोललं की मी आधी पर्स चाचपते. म्हटलं, "नंबर सांगा, मी लावते. स्पीकरवर बोला."

"बोलायचं नाही, नोडम्मा (बघ बाई). यजमानरु (नवरा) बन्नूरला, इथनं जवळच आमचं गाव, तिथं एकटे. कान गेले, डोळे अर्धे. खिशात मोबाईल थरथरतो, तेवढंच कळतं त्यांना. दोन रिंगा दिल्या म्हणजे मी ठीक आहे, तुम्ही बाहेर पडू नका. नाही दिल्या तर काठी घेऊन रस्त्यावर येतात, मला बघायला. उसाच्या लॉऱ्या जातात तिथनं."

"मग मी कापते ना दोन झाल्यावर."

"तुम्हाला नाही जमायचं. जास्त वाजलं की मी पडले-बिडले म्हणून घाबरतात, निघतातच. माझाच हात पाहिजे."

न बोलण्यासाठी फोन मागायचा, ही कसली नवी फसवणूक? बँक, परतीचं तिकीट, सगळं त्या फोनमध्ये होतं. आणि ह्यांचा आवाज होता. "पोचलीस का?" एवढेच शब्द, शेवटचे पाठवलेले. ते दुसरीकडे उतरवून ठेवणं माझ्याच्याने झालं नव्हतं. फोन घेऊन ह्या बाई गर्दीत शिरल्या तर?

पण त्या फोनकडे बघतच नव्हत्या. अंधार किती पडला, ते बघत होत्या. मला आमची गॅलरी आठवली. मला उशीर झाला की हे तिथेच येऊन उभे राहत. मी फोन दिला.

नंबर तोंडपाठ होता. फोन कानाला लावून त्यांनी डोळे मिटले आणि तेवढ्यात दिवे लागले. सगळा राजवाडा सोनेरी झाला, गर्दी ओरडली. बाईंनी डोळे उघडलेच नाहीत. मग अंगठा हलला आणि फोन माझ्या हातात परत आला.

"त्यांना कळलं, हे तुम्हाला कसं कळणार?"

"घरी गेल्यावर," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी पोचणार गावाला?"

"परवा, मंगळवारी सकाळी."

"घरी कोण वाट बघतं?"

"आता कोणी नाही."

त्यांनी माझा हात क्षणभर दाबला आणि बसच्या दिशेने निघून गेल्या. दिव्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

सोमवारी सकाळी चामुंडीच्या टेकडीवर गेले. खाली सगळं हिरवं धुक्यात विरघळलेलं होतं. त्यात बन्नूर कुठे असेल ते शोधत बसले. बाईंचे यजमान बाहेर पडले तर नसतील? फोन लावायचा मोह कितीदा झाला! पण बाई घरी नसल्या तर माझ्या रिंगांनी ते फसायचे, आणि जास्त वाजलं तर माझ्यामुळेच रस्त्यावर यायचे. जीव टांगणीला लागला होता, तरी परतीच्या बसमध्येही फोन पर्समध्येच राहिला.

मंगळवारी पुण्यात घराचं कुलूप उघडलं. बॅग टेकवते तोच फोन वाजला. बन्नूरचा तोच नंबर. उचलायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. दुसरी रिंग झाली. फोन वाजायचा थांबला.

दोघंही ठीक होती तर. मी उंबऱ्यातच बसले आणि पोटभर रडले. मग तो नंबर लावला, डोळे मिटले आणि दोन रिंगा झाल्यावर कापला.